प्रकल्प नोंदी : ‘ट्रू डिटेक्टिव्ह’चे 30 भाग, पुन्हा एकदा

4 मे 2025

या प्रकल्पाचा हेतू मर्यादित आहे. ‘ट्रू डिटेक्टिव्ह’ या एचबीओच्या गुन्हेमालिकेची चारही पर्वे, म्हणजे आठ, आठ, आठ आणि सहा असे एकूण 30 भाग, प्रक्षेपणाच्या क्रमाने पुन्हा पाहायचे, प्रत्येक भागाची नोंद त्याच दिवशी करायची आणि शेवटी एक दीर्घ लेख लिहायचा. या मालिकेत दर पर्वाला गुन्हा, गाव, काळ आणि पात्रे बदलतात; कायम राहते ते नाव आणि एक विशिष्ट जातीची उदासी. ‘पहिले पर्व उत्कृष्ट, पुढे उतरती कळा’ हे तिच्याविषयीचे वाक्य इतक्या सहजपणे बोलले जाते, की दुसरे पर्व अर्ध्यावर सोडून दिलेले असतानाही ते मी अनेकदा छातीठोकपणे बोललो आहे. ते वाक्य तपासणे, एवढेच काम.

पद्धत अशी ठरली : पटकथा, दिग्दर्शन, अभिनय, संवाद आणि तपासाची विश्वासार्हता असे पाच रकाने, प्रत्येकाला दहापैकी गुण. धाकट्या बहिणीने सोबत पाहायचे कबूल केले आहे. तिचा उपयोग मोठा आहे, कारण तिने मालिकेचे फक्त चौथे पर्व पाहिलेले आहे आणि पहिल्याच्या थोरवीची दंतकथा तिच्या डोक्यात नाही. पर्व संपेपर्यंत एकमेकांच्या नोंदी वाचायच्या नाहीत, असा करार झाला. शेवट उघड केल्याशिवाय हे लिहिता येणार नाही, तेव्हा ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी या नोंदी तूर्त बाजूला ठेवाव्यात.

9 मे

पहिल्या पर्वाचे चार भाग झाले. 12 जानेवारी 2014 रोजी सुरू झालेल्या या पर्वाचे लेखन निक पिझोलॅटो यांचे आणि आठही भागांचे दिग्दर्शन कॅरी जोजी फुकुनागा यांचे. लुइझियानाच्या सपाट, ओलसर मुलखात 1995 मध्ये डोरा लँग नावाच्या तरुणीचा खून होतो. रस्ट कोल (मॅथ्यू मॅकॉनहे) आणि मार्टी हार्ट (वुडी हॅरल्सन) त्याचा तपास करतात. आणि 2012 मध्ये दोन नवे अधिकारी या दोघांना वेगवेगळे बसवून त्या जुन्या तपासाची हकिकत विचारतात.

गुणांच्या तक्त्याने आजच दगा दिला. चौथ्या भागाच्या शेवटी सुमारे सहा मिनिटांचे एकसलग चित्रण आहे : कोल एका वस्तीत घुसतो, घरातून घरात, कुंपणावरून पलीकडे, कॅमेरा त्याचा पिच्छा सोडत नाही. याच भागासाठी फुकुनागा यांना दिग्दर्शनाचा एमी मिळाला. मी दिग्दर्शनाच्या रकान्यात दहा गुण टाकले आणि मग माझ्या लक्षात आले, की ते गुण मी दृश्य सुरू होण्याआधीच मनात टाकून ठेवले होते. पूर्वी पाहताना बसलेला धक्का मी आठवणीतून काढून तक्त्यात भरत होतो. उरलेला भाग तर मी त्या सहा मिनिटांची वाट पाहण्यातच घालवला. तक्ता अजून फाडलेला नाही, पण त्यावरचा विश्वास उडाला आहे.

12 मे

पाचवा भाग. आजची नोंद लांबणार.

कोल आणि हार्ट संशयिताच्या, रेजी लेडूच्या, रानातल्या ठिकाणावर पोहोचतात. 2012 मधल्या चौकशीत दोघेही सांगतात, की आपल्यावर गोळीबार झाला, आपण गवतात अंग टाकले, जीव मुठीत धरून उलट मारा केला. दोघांना वेगवेगळे बसवलेले आहे आणि तरीही हकिकत जुळते. इतकी जुळते, की ती घोटून पाठ केलेली असावी असा संशय यावा. पडद्यावर मात्र त्याच वेळी काही वेगळेच चाललेले असते. कुठेही गोळीबार नाही. दोघे दबकत आत शिरतात, लेडूला बेड्या घालतात. हार्ट आत जाऊन डांबून ठेवलेली मुले पाहतो, बाहेर येतो आणि बेड्या घातलेल्या माणसाच्या डोक्यात गोळी घालतो. मग कोल तिथलीच बंदूक उचलून झाडाझुडपांवर गोळ्या झाडतो, म्हणजे चकमक झाल्याचा पुरावा उभा राहावा. कानावर शौर्यकथा पडते आहे आणि डोळ्यांसमोर खून आणि बनाव घडतो आहे, आणि या दोहोंच्या मध्ये प्रेक्षक एकटा बसलेला आहे, कारण प्रश्न विचारणाऱ्या त्या दोन अधिकाऱ्यांना यातले काहीच दिसत नाही.

इथे माझा हात थांबला. हे गुण कोणत्या रकान्यात घालायचे? लेखन म्हणावे तर शब्द खोटे आहेत आणि चित्रण म्हणावे तर शब्दांवाचून त्याचा अर्थ निम्मा होतो. या पर्वाची खरी ताकद कोलच्या तत्त्वज्ञानात किंवा ‘पिवळा राजा’ या, तपासात वारंवार कानी येणाऱ्या नावाच्या गूढात नसून या फटीत आहे, म्हणजे जे सांगितले जाते आणि जे दाखवले जाते त्यांच्यातल्या अंतरात, असे मला आज वाटते. कोल चौकशीच्या टेबलावर बिअरचे रिकामे डबे चाकूने कापून छोटी माणसे बनवत बसतो. पूर्वी मला तो विक्षिप्तपणाचा दिखावा वाटला होता. आज वाटले, की समोरचे त्याची परीक्षा घेत आहेत असे त्यांना वाटत असताना, त्यांना किती ठाऊक आहे हे तोच सावकाश तपासून घेतो आहे.

पुढील पर्वांसाठी एकच प्रश्न वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवला : इथे फट आहे का?

17 मे

पहिले पर्व संपले. दंतकथेला तडे आहेत आणि ते नोंदवले पाहिजेत. शेवटच्या दोन भागांत सांगणाऱ्या-ऐकणाऱ्यांची चौकट सुटते आणि मालिका एक सरळ पाठलाग होऊन बसते. खुनी सापडतो तो एका जुन्या छायाचित्रातल्या घराच्या ताज्या हिरव्या रंगावरून. सतरा वर्षांचा गुंता सोडवायला हा धागा फारच बारीक आहे. स्त्री-पात्रे बहुतेक पुरुषांच्या अपराधभावाची निमित्ते म्हणून वावरतात. मिशेल मोनॅहन यांनी साकारलेली मॅगी सुद्धा, तिला स्वतंत्र चौकशीचे दृश्य मिळूनही, अखेर दोन मित्रांमधल्या फुटीचे कारण एवढीच उरते.

करारानुसार बहिणीची वही वाचली. तिचे पहिलेच वाक्य : “चौथ्या पर्वातले वळसे यांनी इथे आधीच वापरले होते, हे मला माहीत नव्हते.” (वळसे म्हणजे मृतदेहावर आढळणारी सर्पिल खूण.) मी तासभर हसत होतो, पण तिची दुसरी नोंद हसण्यासारखी नाही. “दादा, दोघेही इतके छान खोटे बोलतात, की त्यांनी केलेला खून आपण माफ करून टाकतो आणि हे मालिकेला कळते की नाही, तेच मला कळत नाही.”

25 मे

दुसऱ्या पर्वाकडे वळण्याआधी एक बाब मांडून ठेवतो. पहिले पर्व मार्च 2014 मध्ये संपले आणि दुसरे 21 जून 2015 रोजी सुरू झाले. म्हणजे चार प्रमुख पात्रे, एक काल्पनिक शहर आणि जमिनीच्या व्यवहारांचे जाळे, हे सगळे नव्याने रचून, लिहून, चित्रित करून पडद्यावर आणायला सव्वा वर्षही नीट मिळालेले नाही. एचबीओच्या कार्यक्रम विभागाचे तेव्हाचे प्रमुख मायकल लोम्बार्डो यांनी 2016 च्या सुरुवातीला एका मुलाखतीत याचा दोष स्वतःकडे घेतला : लेखन पिकेपर्यंत थांबण्याऐवजी आपण प्रक्षेपणाची तारीख गाठायला लावली, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. अधिकाऱ्याने अशी कबुली देणे दुर्मिळच. शिवाय फुकुनागा आता दिग्दर्शक नव्हते. पहिले दोन भाग जस्टिन लिन यांनी केले आणि पुढचे वेगवेगळ्या हातांत गेले.

30 मे

चार भाग झाले. व्हिन्सी हे कॅलिफोर्नियातले काल्पनिक औद्योगिक शहर. तिथला एक अधिकारी, कॅस्पर, मरतो आणि त्याच्याबरोबर एका गुंडाचे पैसे बुडतात, जे नियोजित रेल्वेमार्गालगतच्या जमिनीत गुंतायचे होते. कॉलिन फॅरेल, रेचल मॅकअ‍ॅडम्स आणि टेलर किच यांचे तीन पोलीस. व्हिन्स व्हॉन तो गुंड, फ्रँक.

दुसऱ्या भागाची सुरुवात पुन्हा दोनदा पाहिली. फ्रँक पलंगावर उताणा पडून छतावरच्या ओलीच्या डागांकडे पाहतो आणि बायकोला लहानपणची गोष्ट सांगतो, की बापाने तळघरात कोंडले होते, अंधार होता, उंदीर होते. गोष्ट भयंकर आहे आणि दृश्य पडेल आहे. असे का, याचे उत्तर वहीच्या कोपऱ्यातल्या प्रश्नात मिळाले. फ्रँक जे सांगतो तेच खरे आहे, तेच त्याला वाटते आणि ते का सांगतो आहे हेही तोच सांगतो. ऐकणारी बायको त्याच्या बाजूची आहे. तिच्यापासून लपवण्यासारखे त्याच्याजवळ काही नाही. कोलची लांबलचक भाषणे सुसह्य होत होती, कारण शेजारी बसलेला हार्ट वैतागत होता आणि पुढे टेबलापलीकडचे दोघे मनात त्याच्यावरच आरोप रचत होते. फ्रँकला अडवणारे कोणीच नाही. भाषण तेच, पण समोरचा विरोध काढून घेतला तर ते प्रवचन होते.

व्हिन्स व्हॉन यांच्या अभिनयाला तेव्हा बोल लावले गेले आणि त्यात माझाही आवाज होता. तो शेरा मी आज मागे घेतो. ही वाक्ये कोणाच्याही तोंडी बसली नसती.

दुसऱ्या भागाच्या अखेरीस पक्ष्याचा मुखवटा घातलेला माणूस फॅरेल यांच्या व्हेलकोरोला बंदुकीने जवळून उडवतो आणि तिसऱ्या भागात कळते, की गोळ्या रबरी होत्या. ही फट नव्हे; ही फसवणूक आहे, आणि प्रेक्षकाला दोन्हींतला फरक बरोबर कळतो.

4 जून

दुसरे पर्व संपले आणि माझ्या नोंदींना पहिला मोठा छेद गेला. शेवटच्या भागात व्हेलकोरो रानात एकटा सापडतो. मारेकरी मागावर आहेत. तो मुलासाठी फोनवर निरोप ध्वनिमुद्रित करतो आणि पाठवायला लावतो. तो मुलगा आपला आहे की आपल्या बायकोवर बलात्कार करणाऱ्याचा, या शंकेने त्याचे पुरते वाटोळे केलेले आहे. इकडे आईच्या हातात चाचणीचा निकाल येतो : मुलगा त्याचाच आहे. तिकडे फोन जमिनीवर पडलेला, निरोप गेलेला नाही. बापाला निकाल कळत नाही आणि मुलाला निरोप मिळत नाही; दोन्ही गोष्टी ठाऊक असतो तो एकटा प्रेक्षक.

फट आहे. आठ भागांच्या शेवटी, फार उशिरा, पण आहे, आणि ती पहिल्या पर्वाच्या पाचव्या भागातल्या त्या बनावापेक्षा मला अधिक लागली. हे पर्व मी पूर्वी निम्म्यात सोडले होते, म्हणजे ज्या दृश्यासाठी ते पाहावे त्याच्या कितीतरी अलीकडे. कथानकाविषयी मात्र मत बदललेले नाही. जमिनीचा व्यवहार कोणाकडून कोणाकडे गेला हे मी कागदावर रेघा ओढून लावले, तेव्हा कुठे उमगले. बहिणीने तसा प्रयत्नही केला नाही. तिच्या वहीत या पर्वावर दीड पानच आहे आणि त्यातले एक पान रेचल मॅकअ‍ॅडम्स यांच्यावर.

6 जून

गुणांचा तक्ता बंद केला. बेरीज करून पाहिली तेव्हा पहिल्या पर्वातला सर्वांत कच्चा भाग दुसऱ्या पर्वातल्या सर्वांत चांगल्या भागाहून वर निघाला. हे मला मान्य नाही, आणि गुण देणारा तर मीच होतो.

15 जून

तिसरे पर्व, पाच भाग. साडेतीन वर्षांच्या खंडानंतर, 13 जानेवारी 2019 रोजी ते सुरू झाले. आर्कान्सॉ राज्यातील ओझार्कचा डोंगराळ भाग. 7 नोव्हेंबर 1980 रोजी सायकलवरून खेळायला गेलेली विल आणि ज्युली ही भावंडे परततच नाहीत. कथा 1980, 1990 आणि 2015 अशा तीन काळांत फिरते. महर्शला अली यांना आरंभी दुय्यम भूमिका देऊ केली होती. पोलिसात असलेल्या आपल्या आजोबांची छायाचित्रे पिझोलॅटो यांना पाठवून त्यांनी मुख्य भूमिकेसाठी त्यांचे मन वळवले. हा बदल मालिकेच्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय म्हणावा लागेल.

पहिल्या पर्वाची चौकट इथे परत आणली आहे, हे उघड आहे आणि ते तेव्हाही टोचले होते : पुन्हा दोन जोडीदार, पुन्हा जुना खटला, पुन्हा समोर बसून विचारणारे कोणीतरी. पण या खेपेला फरक असा, की अली यांनी साकारलेला तपास अधिकारी, म्हातारा वेन हेज, माहितीपट करणाऱ्या बाईला खोटे सांगत नाही. त्याला आठवतच नाही. स्मरणशक्ती जात चालली आहे. रात्री ध्वनिमुद्रकावर तो स्वतःलाच निरोप ठेवतो आणि सकाळी तेच परक्यासारखे ऐकतो. सांगणे आणि दाखवणे यांतले अंतर आता दोन माणसांत नसून एकाच माणसाच्या आत पडलेले आहे. ही नुसती पुनरावृत्ती नव्हे, हे मी 2019 मध्ये ओळखायला हवे होते.

20 जून

शेवटच्या भागाविषयी दोन परस्परविरोधी नोंदी कराव्या लागतात. रहस्याचा उलगडा निराशाजनक आहे : ज्युनियस वॉट्स हा एका डोळ्याचा माणूस हेज आणि त्याचा जुना जोडीदार रोलंड वेस्ट यांना सगळे काही क्रमाने, सविस्तर सांगून टाकतो. तीन काळांत विणलेली कथा एका माणसाच्या जबाबावर उलगडली जाते आणि तपास करणाऱ्यांना ऐकण्यापलीकडे काम उरत नाही.

आणि त्यानंतर लगेच ते दृश्य येते. वेगळ्या वाटेने हेजला उमगते, की ज्युली जिवंत आहे. पत्ता घेऊन तो गाडीने निघतो, घरासमोर पोहोचतो, अंगणात एक बाई आणि तिची लहान मुलगी आहे. आणि आपण इथे का आलो हे तो विसरतो. वाट चुकलेला म्हातारा समजून ती बाई त्याला पाणी देते. पस्तीस वर्षे जिला शोधले ती हातभर अंतरावर उभी आहे, आणि ते माहीत असलेला पुन्हा एकदा प्रेक्षकच. नंतर तो पत्ता मुलाच्या हाती पडतो, आणि तो चिठ्ठी फेकून न देता खिशात ठेवतो, एवढी पुस्ती मालिका जोडते.

बहिणीने या दृश्यावर काहीच लिहिलेले नाही. विचारले तर म्हणाली, “लिहायचे काय? बघितले की.”

30 जून

चौथे पर्व, ‘नाइट कंट्री’. 14 जानेवारी 2024 पासून सहा भाग. लेखन आणि सर्व भागांचे दिग्दर्शन इसा लोपेझ यांच्या हाती. एनिस हे अलास्कातले काल्पनिक गाव, जे चित्रित झाले आइसलँडमध्ये. सूर्य उगवतच नाही असे दिवस. संशोधन केंद्रातले आठ पुरुष नाहीसे होतात. जोडी फॉस्टर आणि काली रीस. समीक्षकांनी वाखाणले, एमीची 19 नामांकने मिळाली, फॉस्टर यांना पुरस्कार मिळाला. आणि प्रेक्षकांचा एक मोठा गट इतका भडकला, की पिझोलॅटो यांनीही समाजमाध्यमांवर नापसंती दाखवली.

एक जुना सिद्धांत इथे निकालात निघतो. एकच दिग्दर्शक असल्यामुळे पहिले पर्व एकसंध झाले, असे म्हणतात. चौथ्यालाही एकच दिग्दर्शक आहे, आणि नेमके त्याच्यावरच सर्वांत जास्त भांडण आहे.

माझी अडचण मात्र दुसरीच आहे. संशोधन केंद्राच्या पैशाचा माग टटल या, पहिल्या पर्वातल्या बड्या घराण्याच्या नावापाशी पोहोचतो, कोलच्या बापाचे भूत बर्फात दिसते, वळशाची तीच खूण उमटते आणि शेवटी कोलचे काळाविषयीचे प्रसिद्ध वाक्य एक संशोधक उच्चारतो. पाहुण्याच्या घरी जाऊन भिंतीवर आपल्या आजोबांची तसबीर शोधण्याचा हा प्रकार आहे. बहिणीची वही याबाबतीत अनमोल ठरली. 2024 मध्ये पाहताना टटल हे नाव तिच्या कानांवरून सरळ गेले होते आणि खून कोणी केला यातच ती गुंतली होती. या खेपेला तेच नाव आले तेव्हा तिला ठेच लागल्यासारखे झाले आणि पुढची दहा मिनिटे ती गावातून उठून लुइझियानात गेली. “पहिल्या वेळी ही मालिका जास्त चांगली होती,” असे तिने लिहिले आहे. ज्याला पहिले पर्व ठाऊक नाही त्यालाच चौथे धड दिसते, आणि ते संदर्भ पेरले आहेत ते मात्र ठाऊक असलेल्यांना खूश करण्यासाठी.

5 जुलै

चौथे पर्व संपले. बर्फात सापडलेल्या संशोधकांच्या मृत्यूमागे गावातल्या सफाई करणाऱ्या बायका आहेत, हे दोन्ही अधिकाऱ्यांना कळते आणि त्या ते गिळून टाकतात. सरकारी निष्कर्ष निघतो तो हिमस्खलनाचा. पुढे डॅनव्हर्सची (फॉस्टर यांचे पात्र) चौकशी होते आणि ती समोरच्यांकडे शांतपणे पाहत जे सांगायचे तेवढेच सांगते. मधल्या एका भागात व्हीलर नावाच्या माणसाची हकिकतही अशीच आहे : आम्ही पोहोचलो तेव्हा तो मेलेलाच होता असे डॅनव्हर्स सांगते आणि पडद्यावर तो जिवंत, शीळ घालत बसलेला दिसतो.

म्हणजे फट इथेही आहे, लेडूच्या प्रसंगाशी थेट नाते सांगणारी, आणि वळसे किंवा टटल यांच्यापेक्षा हा वारसा कितीतरी खरा आहे. शिवाय बहिणीने पहिल्या पर्वाबाबत विचारलेल्या प्रश्नाला इथे उत्तर आहे : खोटे बोलून आपण कोणाला वाचवत आहोत हे डॅनव्हर्सला पक्के माहीत आहे. केंद्राच्या फरशीवर सापडलेली, पूर्वी खून झालेल्या एका स्त्रीची जीभ तिथे कशी आली याचा खुलासा मात्र मिळत नाही. बायका म्हणतात ती आम्ही ठेवली नाही, आणि विषय तिथेच संपतो. अशा वेळी गूढ आणि विसरभोळेपणा यांत फरक करणे मला जमत नाही.

13 जुलै

लेखाचा पहिला खर्डा बहिणीला दिला. शीर्षक होते ‘एका घसरणीचा इतिहास’, जे मी मे महिन्यात, एकही भाग पुन्हा पाहण्याआधी, लिहून ठेवले होते. डॅनव्हर्स आपल्या हाताखालच्या पोराला सारखी सांगत असते, की तुझा प्रश्नच चुकतो आहे, बहिणीने समासात तेच लिहून परत पाठवले, आणि खाली पुस्ती : “खटला निकाली काढून मग साक्षीदार बोलावलेस, दादा.”

शीर्षक काढले. पर्वानुसार चार प्रकरणे ही रचनाही काढली, कारण तिच्यात प्रत्येक पुढचे प्रकरण आपोआप मागच्याशी तुलना होऊन बसते. आता लेख चार दृश्यांवर उभा राहील : रानातला बनाव, न गेलेला निरोप, पाण्याचा पेला आणि डॅनव्हर्सची चौकशी, कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे हे वाचणाऱ्याने हवे तर शोधावे. लोम्बार्डो यांची कबुली राहील, कारण दुसऱ्या पर्वातला निरोप आठव्या भागापर्यंत का लांबला याचे तेवढेच एक समजण्यासारखे कारण हाती आहे. एकसलग चित्रणाची सहा मिनिटे पूर्ण वगळली; त्यांच्यावाचून लेखाचे काहीच अडले नाही, याचे मला अजून थोडे वाईट वाटते.

लोपेझ यांच्याकडेच पाचवे पर्व सोपवल्याची घोषणा फेब्रुवारी 2024 मध्ये झालेली आहे. ते येईल तेव्हा आधी बहिणीने पाहायचे, असे ठरले.